दुपारचं खोटं जेवण

साहेब, त्या पोरीला खोटं बोलायला तुम्ही शिकवलंत. बापाने नाही, फुफीने नाही, मशिदीतल्या मौलानांनी तर नाहीच. ते बिचारे सांगून थकले होते, की बाई, तू आजारी माणूस, तुझ्यावर रोजा फर्ज नाही, बंधन नाही, अल्लाने सूट दिलीय ती घे. तुम्ही मात्र दवाखान्यात काचेच्या खिडकीमागे बसून भिंतीवर एक कागद डकवलात आणि खरं बोलायची वाटच बुजवून टाकलीत. आता काय घडलं ते ऐका. मध्ये उठून चहाला जाऊ नका.

पोरीचा बाप शाळेच्या गणवेशांच्या कारखान्यात कापड कापायचा. कापणाऱ्याला तिथे मास्टर म्हणतात, म्हणून घरीदारी सगळ्यांचा तो मास्टरच. लांबलचक टेबलावर थरावर थर घातलेलं निळं कापड, वरच्या थरावर खडूने आखलेल्या बाह्या, कॉलर, खिसे, आणि हातात घरघरणारं कटिंगचं यंत्र. यंत्र जरा तिरकं गेलं की एक खिसा वाकडा होत नाही, अख्ख्या थप्पीचे होतात. त्यामुळे मास्टरला जपून वागायची सवय लागलेली. बोलणंही मोजकं, कापल्यासारखं.

लेक बरोबर उलटी. अंगाने काटकुळी आणि जिभेने टोचरी, म्हणून तिला टाचणी म्हणत. आई ती लहान असतानाच गेली. तिला वाढवली ती मास्टरच्या थोरल्या बहिणीने, म्हणजे फुफीने. फुफी नवरा गेल्यावर भावाकडे राहायला आली ती राहिलीच. ती शर्टांना बटणं लावायची आणि दिवसभर तोंड चालवायची. टाचणी तिचीच तालीम घेऊन तयार झालेली.

शाळेत असताना टाचणीला तो रोग लागला. वाळत चालली, घागरीने पाणी पिऊ लागली, एक दिवस वर्गातच आडवी झाली. दवाखान्यात कळलं की तिच्या शरीराने इन्सुलिन बनवणंच सोडून दिलंय. मग सुया. जेवणाआधी सुई, झोपण्याआधी सुई. मोठी झाली, चष्म्यांच्या दुकानात कामाला लागली, तेव्हा सरकारी योजनेतून तिला पंप मिळाला. कमरेला अडकवायची एक डबी. तिच्यातून निघालेली बारीक नळी पोटावरच्या चकतीत शिरलेली. दंडावर बटणाएवढा सेन्सर. सेन्सर साखर मोजून डबीला कळवणार आणि डबी आपली आपणच ठरवणार, इन्सुलिन वाढवायचं की रोखायचं. फक्त जेवायच्या आधी तिला सांगावं लागे, मी आता एवढं एवढं खाणार आहे.

"म्हणजे सासूच की ही," फुफी म्हणाली. "काय खाल्लंस, किती खाल्लंस, मला विचारून खाल्लंस का."

"फुफी, माझी निदान कमरेला लटकते," टाचणी म्हणाली. "तुझी तर डोक्यावर बसायची."

तेव्हापासून डबीचं नाव सासू पडलं. सासू कुरकुरतेय, सासू रुसलीय, सासूची बॅटरी उतरलीय.

आता रोज्याचं. रमजानात सगळं घर दिवसभर उपाशी आणि ही एकटी दुपारी ताट घेऊन बसणार. लहानपणी तिला त्याची गंमत वाटायची. मोठी झाल्यावर ती दाराकडे पाठ करून जेवायला लागली. फुफी म्हणे, "अगं, कुणी बघत नाही." ती म्हणे, "म्हणूनच तर." संध्याकाळी सगळे खजूर हातात धरून अजानची वाट बघत बसत. तीही बसे, पण पाहुण्यासारखी.

मागच्या वर्षी दवाखान्यात एक तरुण डॉक्टरबाई होती. टाचणीने तिला भीत भीत विचारलं. डॉक्टरबाई म्हणाली, "मला रोज्यातलं काही कळत नाही. तुझा दिवस मला आधी सांग. शेवटचा घास कधी, पहिला कधी, मध्ये झोप कधी." टाचणीने सांगितलं. मग दोघींनी डोकं लावून सासूला दिवसापुरतं नेमस्त केलं. दिवसभर साखर जरा वरच ठेवायची, हात आखडता. पहाटे सहरीच्या जेवणाला काय सांगायचं, संध्याकाळी इफ्तारला काय सांगायचं, सगळं ठरवून दिलं. आणि शेवटी बोट रोखून बजावलं, "साखर या आकड्याखाली गेली की रोजा सोडायचा. कुणाला विचारायचं नाही, रडायचं नाही. साखरपाणी प्यायचं आणि मला फोन करायचा."

काही दिवस तिला रोजा सोडावा लागला. पहिल्यांदा सोडला तेव्हा रडली. नंतर नाही रडली. पण पहिल्या पुऱ्या रोज्याच्या संध्याकाळी ती सतरंजीवर सगळ्यांच्या रांगेत बसली, डबीवर बोट दाबलं, म्हणाली, "सासूबाई, परवानगी आहे ना?" आणि खजूर तोंडात घातला. मास्टर हात धुवायला उठला. हात धुतलेलेच होते.

हे चालत होतं, साहेब. नीट चालत होतं. मग पंपांच्या योजनेवर साहेब होऊन तुम्ही आलात.

डॉक्टरबाईची बदली झाली. तिने नियमाबाहेर जाऊन पेशंटना उपास करायला शिकवलं, असं कुणीतरी वर कळवलं होतं म्हणे. तिच्या जागी कुणी आलंच नाही. आला तो कागद. उपवासाच्या काळात पंपाचा वापर केल्याचे आढळल्यास पंप जमा करून घेण्यात येईल. त्याच खिडकीपाशी एक बस ड्रायव्हर उभा होता. साधा माणूस. त्याने कागद वाचलाच नाही, सरळ विचारलं, "साहेब, यंदा रोज्यासाठी पंप कसा लावायचा?" नुसतं विचारलं, बरं का. त्याची डबी त्याच दिवशी काढून घेतलीत आणि हातात सुयांचं खोकं दिलंत. टाचणी त्याच्या मागेच रांगेत होती. तिने तोंड मिटलं ते मिटलंच.

"यंदा राहू दे," मास्टर म्हणाला.

"अब्बा, माझ्यावर सक्ती असती ना, तर मी आळस केला असता," टाचणी म्हणाली. "सक्ती नाही. म्हणून जो धरीन तो माझा."

"आणि पंप गेला तर?"

"तो कसा जाईल? त्यांना काय स्वप्न पडणार आहे?"

स्वप्न पडायची गरज नव्हती. डबीतलं सगळं फोनवाटे दवाखान्याच्या पडद्यावर जात होतं. तिथला माणूस बाकी काही बघत नसे. साखरेची वर-खाली रेघ बघायला वेळ कुणाला आहे? तो एवढंच बघे, की दुपारी जेवल्याची खूण आहे का. खूण नाही म्हणजे रोजा.

एका सुट्टीच्या दुपारी मास्टर जुम्म्याच्या नमाजाहून परतला तर मोरीचं दार अर्धं उघडं. टाचणी पालथ्या बादलीवर बसलेली. तिने नळी पोटावरच्या चकतीपासून सोडवली होती. एका हातात नळीचं टोक, खाली कापसाचा बोळा. दुसऱ्या हाताने तिने डबीला सांगितलं, जेवतेय, ताटभर. डबी घुरघुरली. टोकातून थेंब थेंब गळायला लागले. दवाखान्यात येतो तसला उग्र वास मोरीत पसरला.

"हे काय चाललंय?" मास्टरने विचारलं.

"सासूला जेवल्याचं सांगतेय."

"आणि तिला कळलं तर?"

"कसं कळेल? आंधळी आहे ती. सांगाल ते ऐकते."

"औषध मोरीत घालवतेस."

"थोडं मोरीत गेलेलं परवडलं, अब्बा. पंप गेला तर काय करू?" तिने नळी परत पोटावर बसवली, बोळा कागदात गुंडाळला. "दुकानात रोज हेच करते. भिंगं घासायच्या खोलीत बेसिन आहे. मालक म्हणतो, पोरगी फार वेळा हात धुते, स्वच्छ आहे."

मास्टरने तिला रागवायला हवं होतं. तो हसला. हुशार आहे माझी, असं त्याच्या मनात आलं. ते हसू त्याला पुढे कधी गिळता आलं नाही.

कारण डबी आंधळी असली तरी मठ्ठ नव्हती. ती शिकत होती. हे त्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं आणि ज्यांना ठाऊक होतं ते खिडकीमागे बसले होते. एका दिवसात अंगात किती इन्सुलिन गेलं ते ही डबी लक्षात ठेवते आणि त्यावरून अंदाज बांधते, की या माणसाला एवढं लागतं. बेसिनमध्ये गळालेलं तिने पोरीच्या अंगात गेलेलं धरलं. रोज एका जेवणाचं जास्तीचं. तिला वाटलं, या पोरीची भूक मोठी आहे. मग तिचा हात दिवसेंदिवस सैल होत गेला. जिथे थेंब द्यायचा तिथे दोन द्यायला लागली. सासू प्रेमाने वाढू लागली म्हणा ना. खोटं तिला कळत नव्हतं. सांगितलेल्या प्रत्येक शब्दावर तिचा विश्वास होता.

टाचणीची साखर घसरू लागली. सकाळी घसरे, उन्हं तापायच्या आत घसरे. ठरल्याप्रमाणे ती रोजा सोडे, साखरपाणी पिई. मागच्या वर्षीही सोडावे लागले होते, म्हणून कुणाला वेगळं वाटलं नाही. सासू उठल्यासुटल्या टीं टीं करायची आणि टाचणी तिला कमरेवरूनच चापट मारून गप्प करायची.

मग एके दिवशी दुकानात, गिऱ्हाईकाच्या कानामागे चष्म्याची दांडी बसवता बसवता तिचे हात थरथरले आणि ती काउंटरमागे कोसळली. बेसिनपाशी जाऊन खोटं जेवण सांगून नुकतीच आली होती.

मास्टर कारखान्यातून धावला तो तसाच. हाताला खडू, शर्टावर दोऱ्यांचे तुकडे. वॉर्डात ती पडलेली, दंडाला साखरेची बाटली लावलेली. डोळे उघडे होते.

"अब्बा, दोरे झटका आधी," ती म्हणाली. "सिस्टर ओरडेल."

तो झटकायला लागला.

आणि तुम्ही आलात, साहेब. स्वतः आलात. आठवतंय ना? हातात तो पातळ पडदा. बोट फिरवत म्हणालात, "दुपारी जेवल्याची नोंद आहे." मग पोरीकडे नाही, बापाकडे बघितलंत. "खरंच जेवली होती? की रोजा होता?"

टाचणीनेही बापाकडे बघितलं. मान हलवली नाही, खूण केली नाही. नुसतं बघितलं.

खरं मास्टरच्या ओठांवर आलं होतं. रोजा होता साहेब, आणि ती जेवणाची खूण खोटी आहे, नळी काढून केलेली. एवढंच बोलायचं होतं. पण त्याला तो बस ड्रायव्हर दिसला, सुयांचं खोकं काखेत मारून दवाखान्याची पायरी उतरणारा. आणि ज्या माणसाने जन्मात एक खिसा वाकडा कापला नाही, तो म्हणाला, "जेवली होती. मी स्वतः डबा भरून दिला होता."

"मग मोजण्यात चूक केली हिने," तुम्ही म्हणालात. "खाल्लं कमी, सांगितलं जास्त. मशीन चुकत नाही. नीट मोजायला शिका." आणि पुढच्या पलंगाकडे गेलात.

संध्याकाळी रिक्षात मास्टर म्हणाला, "बास आता. उद्यापासून रोजे नाहीत. दुपारी घरी जेवायचं आणि डबीला खरं सांगायचं."

त्याला वाटलं, ती भांडेल. दोन टोमणे मारेल. ती बाहेर बघत म्हणाली, "बरं."

"रागावलीस?"

"नाही. तुम्हाला खोटं बोलावं लागलं माझ्यापायी." मग म्हणाली, "छान बोललात पण. डबा भरून दिला म्हणे. तुम्हाला साधी खिचडी येत नाही."

मास्टरला हसू आलं आणि डोळेही भरून आले. रिक्षावाला आरशातून बघत होता म्हणून त्याने फक्त नाक पुसलं.

दुसऱ्या दिवशी तिला दुकानातून रजा होती. मास्टर कामावर गेला. दुपारी फुफीने तिला वाढलं. फुफीचा रोजा होता, तरी ती ताटासमोर मांडी घालून बसली. "मी बघतेय, निमूट खा." टाचणीने वाटीने भात मोजला, डाळ मोजली आणि डबीला जसंच्या तसं सांगितलं. एक घास जास्त नाही, कमी नाही. कित्येक दिवसांत पहिल्यांदा त्या डबीला दुपारी खरं ऐकायला मिळालं. नळी पोटावर होती. औषध अंगात गेलं. आणि त्याच्यावर डबीने आपल्या मनाचं घातलं, शिकली होती तेवढं.

"पडते जरा," टाचणी म्हणाली. "पोट भरल्यावर झोप येते हे मी विसरूनच गेले होते."

फुफी बाहेरच्या खोलीत बटणं लावायला बसली. थोड्या वेळाने आतून टीं टीं ऐकू आलं. "सासू कुरकुरतेय गं, बघ," फुफीने हाक दिली. आवाज बसला. फुफीला वाटलं, चापट मारली असेल. पोरगी कुशीवर वळली होती आणि डबी तिच्याच अंगाखाली दबली होती. पुन्हा टीं टीं झालं ते गादीत विरलं. फुफीच्या सुईत दोरा होता, तोंडात दुसरं बटण धरलेलं होतं.

डबीने इन्सुलिन कधीच थांबवलं होतं. थांबवणं तिच्या हातात होतं. दिलेलं परत घेणं तिच्या हातात नव्हतं.

मास्टर आला तेव्हा फुफी म्हणाली, "हळू बोल. निजलीय. किती दिवसांनी पोटभर जेवून निजलीय." तो आत गेला. चादर पायावरून सरकली होती ती नीट करायला वाकला आणि पायाला हात लागला. मग त्याने साखरेचा डबा आणला. तिचे ओठ बोटांनी उघडून हिरड्यांवर साखर चोळत राहिला. मूठ मूठ चोळली. साखर विरघळत नव्हती. फुफी मागून त्याचा शर्ट ओढत होती आणि तो म्हणत होता, "विरघळेल, थांब, विरघळेल."

मातीच्या दिवशी फुफीने तिला न्हाऊ घालताना पोटावरची चकती सोडवली. त्याखालचा गोल तुकडा फिका पडलेला होता, बाकीच्या कातडीपेक्षा कोवळा. फुफी तेव्हापासून बटणं लावत नाही. घरात काही वाजलं, भांडं वाजलं, शेजारचा फोन वाजला, तरी उठून आत बघून येते.

डॉक्टरबाईला कुण्या सिस्टरने कळवलं. तिचा फोन आला. मास्टरने तिला सगळं सांगितलं, मोरीतल्या बादलीपासून वॉर्डातल्या खोट्यापर्यंत. तिने ऐकून घेतलं. डबी कशी शिकते, हे मास्टरला तिच्याकडूनच पहिल्यांदा कळलं.

"मास्टर, डबीने शिकलेलं पुसून टाकता येतं," ती म्हणाली. "दोन मिनिटांचं काम. ती दुकानात पडली त्या दिवशी कुणी…" मग म्हणाली, "मला का नाही विचारलंत?"

"तुमची बदली आमच्यापायीच झाली म्हणतात. वाटलं, बाईंना अजून किती त्रास द्यायचा."

पलीकडे ती रडत होती. मास्टर तिला म्हणाला, "तुम्ही नका रडू. तुम्ही बरोबर मापलं होतं."

आणि मग तुमचा निरोप आला, साहेब. पंप योजनेची मालमत्ता आहे, आणून जमा करा.

मास्टर आला. धुतलेल्या रुमालात डबी बांधून आला. खिडकीवरच्या कारकुनाने ती उलटसुलट करून बघितली, कुठे तडा नाही ना ते. मग लिहिता लिहिता तोंडाने म्हणाला, "कारण, उपवास."

"त्या दिवशी ती जेवली होती," मास्टर म्हणाला.

"काका, यात तर रोजच जेवल्याचं दिसतंय."

"रोजचं खोटं. शेवटच्या दिवसाचं खरं."

कारकुनाने पेन खाली ठेवलं आणि तुम्हाला बोलावलं. तुम्ही आलात. मागे रांग होती. रांगेतल्या माणसांच्या कमरेला डब्या होत्या. तुम्ही म्हणालात, झालं ते वाईट झालं, पण म्हणूनच तर नियम केलाय ना आम्ही. उपास करू नका म्हणून सांगत होतो.

"साहेब, ती उपासाने नाही गेली," मास्टर म्हणाला. आवाज चढवला नाही. त्याला चढवता येत नाही. "ती तुम्हाला भिऊन जे करत होती त्याने गेली. आणि मी खोटं बोललो त्याने गेली. माझ्या खोट्याचा जाब मला द्यायचाय, तो मी वर देईन. तुम्ही डबी काढून घेतली असती, तरी ती सुयांवर जगली असती, हे आता कळतं मला. तेव्हा नाही कळलं. तेव्हा भीती होती."

"बसा तुम्ही. पाणी देऊ का?"

"रोजा आहे माझा. पाणी नको, पैसे नकोत, माफीही नको. एकच विचारतो. त्या दिवशी पलंगापाशी तुम्ही विचारलंत, रोजा होता का. मी हो म्हटलं असतं, तर तुम्ही काय केलं असतं? दोन मिनिटं खाली बसून डबी नीट करून दिली असती, की कमरेची काढून घेतली असती?"

"हे बघा, नियमानुसार…"

"नियमाला नाही विचारत. तुम्हाला विचारतोय. समोर माझी लेक होती, शुद्धीवर होती, बघत होती. मी तुम्हाला भ्यालो. ते बरोबर भ्यालो, की उगाच भ्यालो? एवढं सांगा, साहेब. मी इथेच उभा आहे."